पायातला मुंबईचा पत्ता

हिवाळ्यातल्या पहाटे तळ्याकाठच्या पाणकणसाला लागून दोन बांबू रोवलेले असतात. मधली जाळी दिसत नाही. दिसू नये अशीच ती केलेली असते. काळ्या, केसासारख्या धाग्याची ही मिस्ट नेट आडव्या दोऱ्यांवर सैल सोडलेली असते, त्यामुळे तिला ठिकठिकाणी झोळ्या येतात. पाण्यावरून वळणारा धोबी पक्षी तिच्यावर आपटतो आणि अलगद झोळीत पडतो. सोडवणारा आधी बघतो, पक्षी कोणत्या बाजूने शिरला. ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने तो निघतो. आधी पाय, मग पंख, शेवटी डोके. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत आणि पाठ तळहाताला टेकलेली, ही पकड साधायला बरेच हिवाळे जातात. मग सुती पिशवीत घालून वजन करायचे. करडा धोबी भरतो जेमतेम सतरा-अठरा ग्रॅम. पट्टीवर पंखाची लांबी मोजायची, पोटावरच्या पिसांवर हलकी फुंकर मारायची. पिसे बाजूला झाली की कातडीखाली पिवळट चरबी दिसते, ती त्याची प्रवासाची शिदोरी. सगळ्यात शेवटी ॲल्युमिनियमचे कडे पायाभोवती ठेवून चिमट्याने मिटवायचे. ते पायावर सैल फिरले पाहिजे, पण पंजावरून खाली उतरता कामा नये.

त्या कड्यावर एक क्रमांक असतो, आणि भारतात घातलेल्या बहुतेक कड्यांवर इंग्रजीत एक आदेशवजा विनंती असते : ‘इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी’. म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि निसर्गवेड्या मंडळींत बीएनएचएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेला, कळवा. छोट्या पक्ष्यांच्या कड्यावर ही अक्षरे इतकी बारीक असतात की भिंग लागते. गेली जवळपास शंभर वर्षे हा मुंबईचा पत्ता पायात घेऊन पक्षी सैबेरिया, कझाकस्तान, मंगोलियापर्यंत गेले आणि परत आले. पत्त्याची ही गोष्ट पक्षिप्रेमाची आहे असे आपण धरून चालतो. मला ती बरीचशी भीतीची गोष्ट वाटते. रोगाच्या, युद्धाच्या आणि परकीय हाताच्या भीतीची.

कड्याची कल्पना मुळात डेन्मार्कची. व्हिबोर्ग गावच्या हान्स क्रिस्टियन मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ मध्ये १६५ युरोपीय मैनांच्या पायात क्रमांक आणि पत्ता कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली. त्याआधी त्याने जस्ताची कडी करून पाहिली होती, पण ती जड पडली. त्याची युक्ती एवढीच, की सामान्य माणसाला पक्षी सापडला तर त्याने कुठे पत्र टाकायचे हे पक्ष्यानेच सांगावे. लवकरच जर्मनांनी बाल्टिक किनाऱ्यावरच्या रोसिटेन येथे हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कडे घातलेला एक पांढरा करकोचा बिकानेरच्या वाळवंटात सापडला. पक्ष्याच्या पायातून आलेली परदेशाची ही पहिली चिठ्ठी.

हिवाळी पाहुणे येतात आणि जातात हे आपल्याकडे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. पावसाच्या तोंडावर हंस मानसाकडे निघतात, हे कालिदासाच्या यक्षालाही माहीत होते. ज्वारी हुरड्याला आली की भोरड्यांचे थवे येणार, हे सोलापूर-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. माळ्यावर उभा राहून गोफण फिरवण्यात त्याच्या पिढ्या गेल्या. पण भोरडी येते कुठून? ‘उत्तरेकडून’ यापलीकडे उत्तर नव्हते, आणि उत्तरेला हिमालयापासून ध्रुवापर्यंत बरीच जमीन आहे.

बीएनएचएसने उत्तर शोधायला सुरुवात केली ती १९२७ मध्ये, माळव्यातल्या धार संस्थानात. धारचे पवार म्हणजे आपलेच मराठे सरदार. तिथल्या तळ्यांवर बदके पकडून त्यांना कडी घालून सोडण्यात आली. संस्थानिकांचा रस अर्थातच बदकांच्या शिकारीत होता, आणि त्यात काही वावगे मानण्याचा तो काळ नव्हता. १९३८ मध्ये भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, तो आकडा तिथल्या दगडी फलकावर अभिमानाने कोरून ठेवला आहे. गंमत अशी की कड्याच्या शास्त्राला हीच शिकार हवी असते. पक्षी कोणाच्या तरी हाती पडेपर्यंत कडे बोलत नाही, आणि बंदुका जिथे जास्त तिथून पत्रेही जास्त. तरीही शंभर कडी घातली तर त्यातले एखादे परत कळणेसुद्धा दुर्मीळ. धारच्या बदकांनी दिशा दाखवली. पण हजारो पक्षी, पगारी माणसे आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी यासाठी लागणारा पैसा संस्थानिकांच्या हौसेतून येणारा नव्हता.

तो आला माकडांच्या मरणातून.

१९५७ च्या मार्चमध्ये त्यावेळच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि लालतोंडी माकडे मरून पडू लागली. जवळच्या गावांत माणसांनाही कडक ताप येई, अंग ठणके, काहींना रक्तस्राव होई. बातमी पुण्याला पोहोचली. पुण्यात तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ मध्ये ते सुरू केले होते. आज त्यालाच आपण ‘एनआयव्ही’ म्हणतो. तिथल्या अमेरिकी शास्त्रज्ञांची उमेदवारी पीतज्वराचा पाठलाग करण्यात गेली होती. जंगलात माकडे मरतात आणि पाठोपाठ माणसे आजारी पडतात, हे चित्र त्यांनी दक्षिण अमेरिकेत पाहिलेले होते. पीतज्वर आशियात कधी आला नव्हता, पण तो पसरवणारा डास आपल्याकडे घरोघरी होता. त्यामुळे केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांची तुकडी तातडीने क्यासनूरला गेली ती पोटात गोळा घेऊनच.

पीतज्वर नव्हता. आजारी माकडांपासून वेगळा काढलेला विषाणू तपासला, तर तो भलत्याच घराण्याचा निघाला. गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदुज्वराचा हा गट रशियाच्या जंगलांतला. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये अतिपूर्वेच्या तैगात त्याचा शोध लावला होता, आणि ओम्स्कच्या दलदलीत त्याचाच एक भाऊ १९४० च्या दशकात सापडला होता. बर्फाळ सैबेरियातला रोग मलनाडच्या दमट रानात कसा? नकाशावर बोट ठेवले की मधे हिमालय आडवा येतो. हिमालय ओलांडून दरवर्षी न चुकता येणारे कोण, याचे उत्तर शाळकरी पोरानेही दिले असते. ओम्स्कच्या दलदलीत उन्हाळा काढणारे पाणपक्षी हिवाळ्यात भारताच्या तळ्यांवर उतरतात. त्यांच्या पिसांत दडून एखादी गोचीड आली असेल तर?

तर्क इतका नेटका होता की तो खराच असावा असे वाटावे. अडचण एकच होती. कोणता पक्षी कुठून कुठे जातो याचा पुरावा कोणाकडेच नव्हता.

सलीम अली तेव्हा साठी ओलांडलेले होते. मुंबईत जन्मलेल्या, अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या घरट्यांखाली तासन्‌तास बसून नावारूपाला आलेल्या या माणसाला विषाणूशास्त्रात फारशी गोडी नव्हती. पण अनेक वर्षे मनात असलेल्या कामाचे दार उघडते आहे, हे त्यांनी अचूक हेरले. जागतिक आरोग्य संघटनेला विषाणू हवा होता, अलींना वाट हवी होती, आणि दोघांनाही पक्षी हातात लागणार होता. संघटनेच्या मदतीने १९५९ मध्ये बीएनएचएसचे काम कच्छमध्ये सुरू झाले. पुढे सौराष्ट्र, भरतपूर, केरळ असा त्याचा पसारा वाढला. पक्षी पकडायचा, कंगव्यासारख्या चिमट्याने पिसे चाळून गोचिडी वेचायच्या, थेंबभर रक्त घ्यायचे, ते पुण्याला धाडायचे आणि पायात कडे घालून पक्षी सोडायचा. त्या काळातल्या मोहिमा म्हणजे तंबू, कंदील, बैलगाडी आणि वेळेला अतिशय काटेकोर असलेले म्हातारबुवा. त्यांच्याबरोबर काम केलेल्या माणसांच्या बोलण्यात त्यांच्या विद्वत्तेइतकाच त्यांचा धाकही येतो.

पण पक्षी पकडायचे कोणी? पुस्तक वाचून बदक हाती लागत नाही. इथे कामाला आले बिहारचे मिरशिकार. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरून बाजारात विकणारी ही जमात. फास, चिकटा, झडपजाळी, पक्ष्याची हुबेहूब शीळ, काळोख्या रात्री पाण्यावर ताणलेली जाळी अशी त्यांची विद्या कोणत्याही विद्यापीठात नव्हती. त्यांच्यातला अली हुसेन तर इतका नावाजला, की क्रौंच पकडण्यासाठी त्याला पुढे अमेरिकेतही बोलावणे आले. पक्ष्याचे पीसही न मोडता त्याला धरणे ही त्याची खासियत. शोधनिबंधांत लेखकांची नावे असतात, कडे कोणत्या दिवशी घातले याची नोंद असते. पक्षी ज्याने धरला त्याचे नाव बहुधा नसते. आपल्याकडच्या फासेपारध्यांचेही हेच झाले. रान त्यांच्याइतके कोणाला कळत नव्हते आणि इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारून ठेवला. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याने त्यांच्याकडून शिकलो हे लिहून ठेवले, म्हणून थोडे तरी कागदावर आले.

पत्रे येऊ लागली. भरतपूरला कडे घातलेली बदके सोव्हिएत संघातल्या शिकाऱ्यांच्या हाती पडू लागली, आणि शीतयुद्धाच्या ऐन भरात मॉस्कोचे कडी घालणारे केंद्र मुंबईला क्रमांक कळवू लागले. उलट बाजूने ‘मॉस्क्वा’ कोरलेली कडी आपल्या तळ्यांवर मिळू लागली. भुवई बदक, तलवार बदक, थापट्या हे आपण सहज ‘हिवाळी पाहुणे’ म्हणून मोकळे होतो, त्यांची गावे आता नकाशावर उमटू लागली. भोरड्यांचे माहेर मध्य आशियात, कझाकस्तानच्या गवताळ माळांवर, हेही पक्के होत गेले. हुरडा खाणारी ती तिथे टोळ खाऊन पिल्ले वाढवते. पण मला सगळ्यात ओढ लावणारी नोंद लांबच्या प्रवासाची नाहीच. मुंबईच्या उपनगरातल्या एका बंगल्यापुढच्या टीचभर हिरवळीवर कडे घातलेला करडा धोबी पुढचे काही हिवाळे त्याच हिरवळीवर परत आला, हे सलीम अलींनी नोंदवले आहे. हिमालयापलीकडून निघालेल्या सतरा ग्रॅमच्या जिवाला अख्खा देश सोडून मुंबईतली तेवढीच हिरवळ आठवत होती.

या ठिकाणी गोष्ट सुखाने संपायला हवी होती. पण जागतिक आरोग्य संघटनेचा निधी तोकडा होता, आणि १९६० च्या दशकात मोठा पैसा दुसऱ्या दारातून आला. त्या दारावर पाटी होती अमेरिकी सैन्याच्या रोगनिदान संस्थेची. एलियट मॅक्ल्यूअर या अमेरिकी पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली पूर्व आणि आग्नेय आशियात एक प्रचंड पाहणी चालू झाली. ‘मायग्रेटरी ॲनिमल पॅथॉलॉजिकल सर्व्हे’, आद्याक्षरांनी ‘मॅप्स’. जपानपासून इंडोनेशियापर्यंत दहा लाखांहून अधिक पक्ष्यांना या पाहणीत कडी चढली, आणि बीएनएचएस तिची भारतातली भागीदार झाली. कागदोपत्री हेतू सरळ होता. आशियातल्या पक्ष्यांबरोबर कोणते रोग फिरतात, हे त्या भागात तैनात असलेल्या सैन्याला माहीत हवे होते. मात्र रोग कोणत्या वाटेने येतो हे ज्याला कळते, त्याला तो कोणत्या वाटेने धाडता येईल हेही कळू शकते. व्हिएतनाम पेटलेले, अमेरिकेची जैविक अस्त्रांची प्रयोगशाळा फोर्ट डेट्रिकला चालू, आणि मध्ये भारतातून सैबेरियाला जाणारी बदके.

१९६९ मध्ये अमेरिकेतच गौप्यस्फोट झाला. स्मिथसोनियन संस्थेच्या पॅसिफिक महासागरातल्या पक्षी-पाहणीला फोर्ट डेट्रिकचा पैसा होता. स्मिथसोनियनचे प्रमुख डिलन रिपली हे सलीम अलींचे जवळचे मित्र, दहा खंडांच्या पक्षी-हँडबुकचे सहलेखक आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी गुप्तहेर खात्यात काम केलेले. इतके धागे समोर आल्यावर वर्तमानपत्रांना गाठ मारायला वेळ लागत नाही. १९७४ मध्ये पीटीआय या वृत्तसंस्थेने दिल्लीतल्या, परदेशी मदतीवर चाललेल्या डास-नियंत्रण प्रकल्पावर बातम्या दिल्या आणि त्यांच्या झोतात पक्षीही आले. संसदेच्या लोकलेखा समितीने एप्रिल १९७५ च्या आपल्या १६७व्या अहवालात परदेशी सहभागाच्या संशोधनाची झाडाझडती घेतली. त्यात डासांच्या शेजारी पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यासही होता. डासांचा प्रकल्प त्याच वर्षी गुंडाळला गेला. कडी घालण्याचे काम त्याआधीच थंडावले होते.

पक्ष्यांच्या अभ्यासाआडून जैविक अस्त्रांची तयारी चालल्याचा आरोप अलींनी कायम फेटाळला. निष्कर्ष उघड होते, रक्ताचे नमुने पुण्यात तपासले जात होते, लपवण्यासारखे काही नव्हते, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण पैसे कोणाचे हे विचारणाऱ्यांना सरसकट वेडे ठरवणेही मला पटत नाही. बांगलादेशच्या युद्धात अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागरात आलेले या देशाने नुकतेच पाहिले होते. पक्षी निरपराध होते आणि प्रश्नही रास्त होता. त्यातून जो धडा घेतला गेला तो मात्र चुकीचा होता. परवानग्यांचे रान माजले, आणि या कामाला आपल्याच तिजोरीतून पैसा द्यावा असे फारसे कोणाला वाटले नाही. पायात कडे असलेल्या पक्ष्याकडे संशयाने पाहायची खोड तर अजून गेलेली नाही. २०२३ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावर पायात कडी आणि पंखांवर परदेशी अक्षरे असलेले एक कबूतर सापडले. ते हेर नाही, तैवानमधले शर्यतीचे कबूतर आहे, हे ठरून २०२४ च्या जानेवारीत त्याची सुटका होईपर्यंत परळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात त्याचे आठ महिने गेले.

काम पुन्हा उभे राहिले १९८० मध्ये, आणि तेही अमेरिकी पैशानेच. या वेळी मात्र तो पैसा रुपयांत आणि भारतातच पडून असलेला. पीएल-४८० चा लाल गहू ज्यांनी रेशनच्या रांगेत उभे राहून घेतला त्या पिढीला हे नाव ठाऊक आहे. त्या गव्हाची किंमत रुपयांत जमा होत गेली होती आणि तिचा एक अंश अमेरिकेच्या वन्यजीव खात्यामार्फत बीएनएचएसच्या स्थलांतर-अभ्यासाला मिळाला. बारा वर्षे भरतपूर आणि तामिळनाडूतले कोडिक्करई ही दोन मोठी केंद्रे चालली. भरतपुरात बदके, कोडिक्करईच्या मिठागरांत तुतवारांच्या जातीचे चिमुकले पाणपक्षी. सलीम अली १९८७ मध्ये गेले, तोवर जाळ्यांजवळ नवी पिढी तयार झाली होती. बीएनएचएसने आजवर कडी घातलेल्या पक्ष्यांचा हिशेब सात लाखांच्या घरात जातो.

आणि मूळ प्रश्नाचे काय झाले? क्यासनूरच्या तापाचा विषाणू पक्ष्यांनी सैबेरियातून आणला, असे कधीच सिद्ध झाले नाही. होर्हे बॉशेल या कोलंबियन शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये वेगळेच बोट दाखवले. विषाणू रानात आधीपासूनच गुपचूप नांदत असणार. उंदीर-चिचुंद्र्या आणि गोचिडी यांच्यात त्याचा संसार चालू होता. माणसाने जंगल तोडून भातशेती वाढवली, गुरे रानात चरायला सोडली, गुरांच्या रक्तावर गोचिडींची पैदास बेसुमार वाढली आणि त्या माकडांपर्यंत, माणसांपर्यंत पोहोचल्या. तपशिलांवर तज्ज्ञांचा वाद चालूच आहे. या विषाणूचा सख्खा म्हणावा असा भाऊ १९९० च्या दशकात सौदी अरेबियात सापडला, तेव्हा त्या वादाला नवे तोंड फुटले. पण क्यासनूरचा गुन्हेगार आकाशात शोधला जात असताना बांधावरच्या गाईकडे कोणाचे लक्ष नव्हते, एवढे खरे.

मग फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कुक्कुटपालन शेडमध्ये कोंबड्या पटापट मेल्या. देशातला पहिला बर्ड फ्लू. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या गेल्या, अंड्यांचे भाव कोसळले, आणि बोट लगेच कुठे गेले? हिवाळी पाहुण्यांकडे. कोंबड्यांची पिल्ले, खाद्य, ट्रे यांचे ट्रक जिल्ह्याजिल्ह्यांतून बारमाही फिरतात, हे पहिल्या दिवसांत फारसे कोणाला आठवले नाही. पन्नास वर्षांपूर्वीचेच नाटक, पात्रे तेवढी नवी. याही भीतीने पैसा आणला. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, अमेरिकी शास्त्रज्ञ आणि बीएनएचएस यांनी डिसेंबर २००८ मध्ये ओडिशातल्या चिलिका सरोवरावर बदकांना आणि पट्टकदंब हंसांना उपग्रहाशी बोलणारे ट्रान्समीटर बसवले. अशा हंसांच्या नोंदींतून जे समजले त्याचा कोंबड्यांशी काही संबंध नव्हता. हे हंस हिमालय ओलांडतात हे ठाऊक होतेच. पण ते एव्हरेस्टच्या डोक्यावरून भरारी मारत नाहीत. शक्य तितके दऱ्याखोऱ्यांना धरून, जमिनीच्या चढउताराप्रमाणे खालीवर होत ते जातात, आणि सात हजार मीटरच्या वर क्वचितच चढतात, हे मोजून कळले.

ट्रान्समीटरने कड्याची सगळी रीतच बदलली. कडे पक्षी मेल्यावर किंवा पुन्हा धरल्यावर बोले. हा जिवंतपणीच रोज बोलतो. २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीत सहा रोहितांना असे टॅग लागले. त्यांतल्या हुमायून नावाच्या पक्ष्याने, हुमायून अब्दुलाली या मुंबईच्या पक्षितज्ज्ञाचे नाव त्याला दिलेले, खाडीतून उठून एका रात्रीत भावनगर गाठले. कोणाच्या बंदुकीची किंवा पोस्टाच्या तिकिटाची वाट बघावी लागली नाही. तरीही जुने कडे संपलेले नाही. नागपूर परिसरातल्या तलावांवर हिवाळ्यात हंस मोजणारी मंडळी आधी त्यांच्या माना न्याहाळतात. हिरवा पट्टा दिसला की तो मंगोलियाचा. दुर्बिणीतून त्यावरची अक्षरे लागली की अख्खी सकाळ सत्कारणी. नांदूर मधमेश्वर, भिगवण, जायकवाडीच्या काठावर थंडीत कुडकुडत बसलेल्या पोराटोरांना क्यासनूरचे नावही ठाऊक नसते, आणि नसले तरी बिघडत नाही.

क्यासनूरचा ताप मात्र उत्तरेकडे सरकत आला. २०१५-१६ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि लगोलग सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माणसे तापाने फणफणू लागली. काजूच्या हंगामात बागेत पाला तुडवत बोंडे गोळा करणारी, रानात लाकडे आणायला जाणारी ही माणसे. तिथे या तापाला साधे नाव आहे, माकडताप. आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन हातापायांना लावायचे तेल देतात. मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, कळवा, असे सांगतात. नमुने अजूनही पुण्याच्या एनआयव्हीतच पोहोचतात. काजूच्या पाल्यात गोचिडीची पिल्ले इतकी बारीक असतात की अंगावर चढलेली कळत नाहीत.

त्याच बागांच्या खालून वाहणाऱ्या ओहोळात, डिसेंबरपासून मेपर्यंतच्या तापाच्या हंगामातला बराच काळ, करडा धोबी मुक्कामाला असतो. धोंड्यावर उभा राहून शेपूट खालीवर हलवतो, पाण्यावरचे किडे टिपतो, पुढच्या धोंड्यावर जातो. काजू वेचून हातपाय धुवायला आलेल्या बायका आल्या तरी तो फार लांब उडत नाही.